कव्हर लेटर एआयच्या मदतीने: आधी वही, मग मोबाइल

मागच्या दिवाळीनंतर आमच्या तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत लेखा सहायकाची जागा निघाली. अर्ज चाळायला त्यांनी मलाही बसवलं होतं. पाच जणांच्या पत्राची पहिली ओळ शब्दाला शब्द सारखी: ‘आपल्या प्रतिष्ठित संस्थेत कार्य करण्याची संधी मिळावी यासाठी मी अत्यंत उत्सुकतेने हा अर्ज सादर करत आहे.’ पाचही पोरं वेगवेगळ्या गावांची. त्यातला एक माझ्या ओळखीचा, दोन सीझन सोयाबीन खरेदी केंद्रावर राबलेला. त्याच्या पत्रात सोयाबीनचा दाणाही नव्हता. पाचही पत्रं बाजूला गेली.

माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, त्यामुळे अशी पत्रं तयार होताना रोज बघतो. एआय वापरलं म्हणून काही बिघडत नाही, क्रम उलटा होतो म्हणून बिघडतं. पोरगं मोबाइल उघडतं, ‘अकाउंट असिस्टंटसाठी कव्हर लेटर लिहून दे’ म्हणतं आणि मग आलेल्या पत्राला माणसात आणायच्या मागे लागतं. एआयजवळ त्या पोराबद्दल काहीच नसतं, म्हणून तो कोणालाही लागू पडेल असं लिहितो. नंतर दहा वेळा ‘जरा नैसर्गिक कर’ म्हटलं तरी रिकाम्या पोत्याला नवी शिलाई घातल्यासारखं होतं. पोत्यात आधी माल पाहिजे.

खालचा क्रम चॅटजीपीटी, जेमिनी, व्हॉट्सॲपमधला मेटा एआय, कशालाही चालतो. फुकटचं व्हर्जन पुरतं. पहिल्या पत्राला दोन संध्याकाळी द्या. दुसऱ्या पत्राला तासाभराहून जास्त लागणार नाही, कारण वहीचं काम एकदाच करायचं असतं.

## १. पत्र लागतं का, ते आधी बघा

तलाठी, पोलीस, जिल्हा परिषद अशा भरतीत ऑनलाइन फॉर्म भरायचा असतो. तिथे कव्हर लेटरमध्ये रात्र घालवू नका. पत्र उपयोगी पडतं ते खासगी ठिकाणी: नागपूरजवळच्या बुटीबोरी-हिंगण्याच्या एमआयडीसीतल्या कंपन्या, तिथल्याच मिहानमधली ऑफिसं, पुण्याकडच्या नोकऱ्या, बियाणं-औषधांच्या कंपन्यांची फील्डची कामं, खासगी शाळा आणि दवाखाने, सामाजिक संस्था, शेतकरी उत्पादक कंपन्या. जाहिरातीत नुसता ईमेल दिला असेल तर ईमेलचा मजकूर हेच तुमचं पत्र. कोरा ईमेल आणि खाली लटकवलेला बायोडाटा ही आपल्याकडची सगळ्यात जास्त दिसणारी चूक.

जाहिरात बहुतेक वेळा व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून येते. त्यातला मजकूर गूगल लेन्सने उचलता येतो, पण जोडाक्षरं आणि आकडे मूळ फोटोशी ताडून घ्या. मग वहीत तीन ओळी काढा: काम काय, कुठे, आणि त्यांनी आवर्जून मागितलेल्या दोन-तीन गोष्टी कोणत्या.

सावध: नोंदणी फी, ट्रेनिंगचं डिपॉझिट, युनिफॉर्मचे पैसे आधी मागत असतील तर पत्र लिहायचं नाही. तिथे नोकरी नसते.

## २. वहीची दोन पानं भरा

ही पायरी सगळे सोडतात, म्हणून इथे जरा थांबतो. मोबाइल बाजूला ठेवा, कागद घ्या आणि खालच्या प्रश्नांची उत्तरं जशी बोलता तशी लिहा. वऱ्हाडीत लिहिलं तरी चालेल, उलट बरं.

- आजपर्यंत हाताने काय काय काम केलं? पगार मिळाला नसला तरी लिहा. घरच्या किराणा दुकानाची उधारीची वही, बचत गटाचा हिशेब, ग्रामसभेचं प्रोसिडिंग लिहिणं, गणपती मंडळाची वर्गणी, काकाच्या कृषी केंद्रातला स्टॉक.
- त्या कामात दिवसाला, आठवड्याला किती काय व्हायचं? पावत्या, पोती, पेशंट, पोरं, फॉर्म.
- कुठे चुकलं होतं? मग काय केलं?
- लोक कोणत्या कामासाठी तुम्हालाच हाक मारतात?
- कोणती मशीन, कोणतं सॉफ्टवेअर हाताखालून गेलंय? नुसतं पाहिलंय ते वेगळं लिहा.
- कोणत्या भाषा बोलता?

शेवटचा प्रश्न पोरं हसण्यावारी नेतात. मेळघाटात काम करणाऱ्या संस्थेला कोरकू बोलणारा माणूस हवा असतो, गडचिरोलीत गोंडी येणारा, केळापूर-झरीकडे कोलामी समजणारा. हे ज्याला येतं तो पत्रात ‘भाषा: मराठी, हिंदी, इंग्रजी’ लिहून मोकळा होतो, कारण शाळेत कोणी ती भाषा मोजलीच नाही. तुम्ही मोजा. तसंच शेतकऱ्याशी वऱ्हाडीत बोलून त्याचा राग उतरवता येणं हे फील्डच्या कामात मोठं कौशल्य आहे.

माझ्या ओळखीच्या त्या पोराला नंतर दुकानात बसवून विचारलं, तेव्हा तो म्हणाला: ‘काही विशेष नाही भाऊ. काट्यावर होतो. शेतकऱ्यायचा माल मोजाचा, पावती फाडाची, अन् संध्याकाळी रजिस्टर मिळवाचं. एक डाव चार क्विंटलचा फरक आला, तं रात्री नऊ वाजेलोक बसलो. एक पावती दोन डाव चढली होती. मंग म्या प्रत्येक पावतीच्या कोपऱ्यावर खूण कराले लागलो.’

‘काही विशेष नाही’ म्हणून सुरू झालेल्या या पाच-सहा वाक्यांत आख्खं पत्र आहे. हिशेब ठेवणाऱ्या माणसात जे बघायचं असतं ते सगळं त्यात आलं, आणि यातलं एकही वाक्य दुसऱ्या कोणाचं असू शकत नाही.

तपासा: दोन पानांत निदान पाच आकडे आणि एक चूक आहे का? नसेल तर अजून आठवा, सोबत काम केलेल्याला फोन करा. आकडा अंदाजे असेल तर ‘सुमारे’ लिहा. मुलाखतीत तो आकडा तुम्हालाच सांगायचा आहे.

## ३. कंपनीची माहिती माणसांकडून घ्या, एआयकडून नाही

तालुक्यातली शेतकरी उत्पादक कंपनी, जिल्ह्यातली दाल मिल, गोंदियाकडची एखादी राइस मिल यांच्याबद्दल एआयला नीट काही ठाऊक असण्याची शक्यता कमी. पण विचारलं की बरेचदा उत्तर देतोच: ‘गुणवत्ता आणि नावीन्यासाठी ओळखली जाणारी अग्रगण्य कंपनी.’ हे पत्रात टाकलं की वाचणाऱ्याला कळतं, याने आपलं गेटसुद्धा पाहिलेलं नाही.

त्याऐवजी जाहिरात पुन्हा वाचा, वेबसाइट असेल तर बघा आणि तिथे काम करणाऱ्या किंवा माल देणाऱ्या एका माणसाशी बोला. आपल्याकडे असा माणूस सापडायला दोन फोन पुरतात. त्याला एवढंच विचारा: ‘हंगामात तिथं सगळ्यात जास्त ताण कशाचा असतो?’ उत्तर मिळालं की पत्रात कशावर बोट ठेवायचं ते कळतं. मात्र ‘तुमच्याकडे फार गोंधळ असतो असं ऐकलं’ असलं काही लिहू नका, हे सांगायची वेळ माझ्यावर आलेली आहे.

## ४. एआयला लिहू देऊ नका, विचारू द्या

आता मोबाइल घ्या. नवीन चॅट उघडा. दोघा-तिघांत एकच अकाउंट असेल तर हे महत्त्वाचं आहे, कारण काही एआय जुन्या गप्पांतलं लक्षात ठेवतात. भावाचा डी.फार्म. तुमच्या पत्रात आलेला चालणार नाही. चॅटजीपीटीत तात्पुरत्या चॅटची सोय आहे, ती वापरा.

मग ही सूचना द्या, लागेल तशी बदलून:

> ‘मी एका नोकरीसाठी अर्ज करतोय. खाली जाहिरात आणि माझ्या वहीतला मजकूर दिलाय. अजून पत्र लिहू नकोस. या कामाशी जुळणारं माझं खरं काम बाहेर काढायला मला एका वेळी एकच प्रश्न विचार, असे आठ प्रश्न. उत्तर मोघम असेल तर आकडा किंवा प्रसंग माग. मी सांगितलं नाही ते स्वतःहून धरून चालू नकोस.’

उत्तरं टाइप करू नका, बोला. कीबोर्डवरचा माइक दाबून मराठी व्हॉइस टायपिंग चालू करा. टाइप करायला बसलं की आपण आपोआप निबंधाची भाषा धरतो: ‘मी माझ्या जबाबदाऱ्या चोखपणे पार पाडल्या.’ बोलताना असं कोणी म्हणत नाही. वऱ्हाडी शब्द मशीन कधी चुकीचे लिहील, तेवढे दुरुस्त करा. लाइन गेली, रेंज गेली की लांबलेलं उत्तर उडतं. म्हणून मोठं उत्तर आधी मोबाइलच्या नोट्समध्ये बोला, मग चिकटवा.

आठातले तीन-चार प्रश्न निरुपयोगी असतील. ‘तुमची पाच वर्षांनंतरची स्वप्ने काय?’ असा प्रश्न आला की सरळ ‘पुढचा’ म्हणा. दोन प्रश्न मात्र असे येतात की वहीत नसलेलं काही तरी बाहेर पडतं. त्या पोराला विचारलं गेलं, माल परत पाठवायची वेळ आली तर काय करायचास? १२ टक्क्यांच्या वर ओलावा आला की सोयाबीन परत जायचं, शेतकरी भांडायला उठायचा. हा त्याच्यासमोर दुसऱ्यांदा मीटर लावून दाखवायचा आणि मगच बोलायचा. हे त्याने मलाही सांगितलं नव्हतं.

सावध: आधार, पॅन, बँक पासबुक, मार्कशीटचा फोटो यातलं काहीही एआयला देऊ नका. नावही लागत नाही, ‘अबक’ चालतं. दुकानातल्या कॉम्प्युटरवर बसला असाल तर उठताना लॉगआउट करा.

## ५. पहिला मसुदा तुमच्या हाताने

इथे पोरं कुरकुरतात. ‘मंग एआय कायले पाहिजे?’ पुढच्या पायरीला पाहिजे. पहिला मसुदा मात्र तुमचा हवा, वाकडातिकडा असला तरी. एआयच्या मसुद्यात तुमचे शब्द कोंबण्यापेक्षा तुमच्या मसुद्यातून एआयच्या मदतीने कचरा काढणं सोपं जातं. मी दोन्ही प्रकार दुकानात करून पाहिलेत.

एक पान, चार छोटे परिच्छेद. पहिल्या परिच्छेदात जाहिरातीतल्या मुख्य गरजेला भिडणारं तुमचं काम. दुसऱ्यात एक प्रसंग. तिसऱ्यात त्यांनी मागितलेलं काय येतं आणि काय येत नाही. चौथ्यात राहणं, येणं-जाणं, रुजू कधी होता येईल.

त्या पोराने दुसऱ्या ठिकाणी पाठवलेलं पत्र त्याच्या परवानगीने देतो:

> विषय: लेखा सहायक पदासाठी अर्ज
>
> मा. व्यवस्थापक,
>
> मागील दोन हंगाम मी सोयाबीन खरेदी केंद्रावर काट्याच्या टेबलावर काम केले. भर हंगामात दिवसाला ६० ते ७० पावत्या होत. वजन, पोत्यांची संख्या आणि ओलाव्याचे रीडिंग पावतीवर लिहिणे आणि संध्याकाळी सर्व पावत्या रजिस्टरशी जुळवणे हे माझे काम होते.
>
> एका संध्याकाळी पावत्या आणि रजिस्टर यांत ४ क्विंटलचा फरक आला. रात्री ९ वाजता कारण सापडले: एक पावती दोनदा चढली होती. त्या दिवसापासून पावती चढवली की तिच्या कोपऱ्यावर खूण करण्याची सवय मी लावून घेतली. त्या हंगामात पुन्हा फरक आला नाही.
>
> आपल्या जाहिरातीत टॅलीचे काम नमूद आहे. मी बी.कॉम. असून टॅलीचा कोर्स केला आहे. खरेदी-विक्री आणि स्टॉकच्या नोंदी मी करू शकतो. जीएसटी विवरणपत्राचे काम प्रत्यक्ष केलेले नाही, ते शिकावे लागेल.
>
> माझे गाव आपल्या गोदामापासून १४ किलोमीटरवर आहे आणि माझ्याकडे मोटारसायकल आहे. हंगामात उशिरापर्यंत थांबण्यास अडचण नाही. केंद्रावरील ग्रेडरचा संपर्क त्यांच्या संमतीने बायोडाट्यात दिला आहे.

बघा, ‘प्रामाणिक’, ‘मेहनती’, ‘चिकाटी’ यातला एकही शब्द नाही. चूक सांगितली, येत नाही तेही सांगितलं. ‘जीएसटी येत नाही असं लिहिलं तर घेतील का?’ असं त्याच्या वडिलांनी मला विचारलं. टॅलीसमोर बसवल्यावर पहिल्या दिवशी कळणारच असतं, काका, असं मी म्हणालो. लपवलेली गोष्ट कळण्यापेक्षा सांगितलेली गोष्ट कळलेली बरी.

पत्राची भाषा आपल्या बोलण्यापेक्षा थोडी इस्त्रीची असू द्या. ‘केलं’ ऐवजी ‘केले’, ‘तुमचं’ ऐवजी ‘आपले’. एवढीच इस्त्री. प्रसंग आणि आकडे बोलण्यातलेच राहू द्या.

दोन अडचणी नेहमी येतात, त्या इथेच सांगतो. पहिली म्हणजे भरतीच्या तयारीत गेलेली वर्षं. आपल्याकडे निम्म्या अर्जांत ती असतात आणि एआयला दिली की तो त्याचं ‘आत्मविकासाचा खडतर पण समृद्ध प्रवास’ करतो. एक ओळ पुरे: ‘२०२२ ते २०२४ स्पर्धा परीक्षांची तयारी केली. आता खासगी क्षेत्रातच काम करण्याचे ठरवले आहे.’ वाचणाऱ्याला भीती एकच असते, हा सहा महिन्यांत पुन्हा भरतीला पळेल. ती दुसऱ्या वाक्याने जाते, अर्थात ते खरं असेल तरच लिहा.

दुसरी, गरिबी. ‘मी एका गरीब शेतकऱ्याचा मुलगा असून...’ ही ओळ आपण स्वतःहून लिहितो आणि एआय तिला आणखी पाझर फोडतो. काढा. दुष्काळ, कर्ज, बापाचे कष्ट हे खरं आहे, पण मनुष्यबळ विभागातल्या माणसाच्या टेबलावर ते मांडून काही मिळत नाही. शेताचा उल्लेख कामाशी जोडलेला असेल तर मात्र जरूर करा. ‘घरी ६ एकर कपाशी आहे, गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे मी स्वतः लावतो’ हे वाक्य कीटकनाशक कंपनीला अर्ज करताना सोन्यासारखं आहे.

## ६. आता एआयला तपासायला द्या, ‘सुधार’ म्हणू नका

‘सुधारून दे’ म्हटलं की एआय सगळं पत्र नव्याने लिहून काढतो आणि तुम्ही पुन्हा त्या पाच जणांच्या ओळीत. सूचना अशी द्या:

> ‘हे माझं पत्र आहे. एकही वाक्य बदलू नकोस. फक्त तीन गोष्टी सांग. एक, कोणतं वाक्य दुसरा कोणताही उमेदवार जसंच्या तसं लिहू शकेल? दोन, जाहिरातीतली कोणती गरज मी सोडली? तीन, शुद्धलेखनाच्या चुका, शब्द आणि दुरुस्ती अशा यादीत.’

पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात जी वाक्यं येतील ती एकतर काढा, नाहीतर त्यात आकडा घाला. शुद्धलेखनाची यादीही डोळे मिटून मान्य करू नका. मराठीत एआय ऱ्हस्व-दीर्घाची गफलत करतो, कधी बरोबर शब्दही चूक ठरवतो. शंका आली की शब्दकोश किंवा शाळेतले मराठीचे सर.

पत्र लांबलं असेल तर ‘कोणती तीन वाक्यं काढली तरी चालेल?’ असं विचारा आणि काढायचं काम तुम्ही करा.

एआयचा हात लागल्याच्या खुणा मी दुकानात भिंतीवर लिहून ठेवल्यात. ‘केवळ हेच नव्हे तर तेही’ या घाटाचं वाक्य. तीन-तीन गुणांची माळ. प्रत्येक परिच्छेद सारख्याच लांबीचा. ‘आपल्या संस्थेच्या यशात मोलाचे योगदान’. मोठमोठ्या आडव्या रेघा. यातलं काही दिसलं की ते वाक्य परत वहीत न्या आणि स्वतःला विचारा, मला इथे म्हणायचं काय होतं? बहुतेक वेळा उत्तर येतं, काहीच नाही. मग ते वाक्य जाऊ द्या.

‘एआयचं लेखन माणसासारखं करून देतो’ म्हणणाऱ्या वेबसाइटच्या नादी लागू नका. त्या शब्द फिरवतात आणि अर्थ सांडतात.

## ७. इंग्रजी पत्र हवं असेल तर

पुण्याच्या किंवा मिहानच्या कंपनीला इंग्रजीच लागतं. तरी मसुदा आधी मराठीतच पक्का करा, भाषांतर शेवटी. एआयचा खरा उपयोग मला इथे सगळ्यात जास्त वाटतो, कारण आपली पोरं अडतात ती कामात नाही, इंग्रजीत.

> ‘या मराठी पत्राचं साध्या इंग्रजीत भाषांतर कर. मी मुलाखतीत सहज बोलू शकेन असेच शब्द वापर. काही वाढवू नकोस, आकडे आणि पदनाम बदलू नकोस. छोटी वाक्यं छोटीच ठेव.’

मग नवीन चॅट उघडून ते इंग्रजी पत्र चिकटवा आणि ‘याचं मराठी कर’ म्हणा. आलेलं मराठी तुमच्या मूळ पत्राशेजारी ठेवून ओळ-ओळ ताडा. जुन्या चॅटमध्ये विचारू नका, तिथे मूळ मराठी त्याच्यासमोरच असतं.

हा उलटा फेरा का लागतो ते सांगतो. ‘काट्यावर होतो’ याचं इंग्रजी एकदा बाभळीच्या काट्याचं निघालं. पोरगं दोन सीझन काट्यांवर बसून होतं असं त्या पत्रात आलं. ‘खत’, ‘माल’, ‘गाडी’, ‘गंजी’ हे शब्द असेच दगा देतात. त्यामुळे मराठीतच आधी ‘वजनकाटा’, ‘रासायनिक खत’, ‘सोयाबीनची पोती’ असं उलगडून लिहा.

दुसरा दगा हुद्द्यांचा. ‘दुकानात बसायचो’ याचं इंग्रजीत दुकानाचं व्यवस्थापन होतं, ‘मदत केली’ याचं नेतृत्व होतं. ‘स्पिअरहेडेड’, ‘लेव्हरेज्ड’, ‘पॅशनेट’ असे शब्द दिसले की खोडा. एका मुलीच्या पत्रात नेतृत्व आलं होतं. मुलाखतीत पहिलाच प्रश्न, ‘टीममध्ये किती लोक होते?’ ती आणि तिची आत्या, एवढीच टीम होती. ‘आय ॲम थ्रिल्ड टू अप्लाय’ ही ओळही काढा. सरळ कामापासून सुरुवात करा, मराठीत केली तशी.

तपासा: इंग्रजी पत्रातल्या प्रत्येक शब्दाचा अर्थ न बघता सांगता येतो का? जो सांगता येत नाही तो बदला.

## ८. मोठ्याने वाचा, दुसऱ्याला ऐकवा

एकदा स्वतः मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडेल ते वाक्य तोडा. मग तुम्हाला ओळखणाऱ्या माणसाला ऐकवा, मित्र, बहीण, आई कोणीही. त्यांना ‘चांगलं आहे का?’ असं विचारू नका, चांगलंच म्हणतील. ‘यात मी कुठं वाटत नाही?’ असं विचारा. ज्या वाक्याला ते हसतील ते वाक्य जाणार.

मग प्रत्येक वाक्यावर बोट ठेवून स्वतःला मुलाखतीतला प्रश्न विचारा: ‘म्हणजे काय, सविस्तर सांगा.’ दोन मिनिटं बोलता आलं तर वाक्य राहील.

## ९. पाठवण्याआधी

इथल्या चुका क्षुल्लक असतात आणि त्यांनीच अर्ज पडतो.

एआयमधून कॉपी केलेल्या मजकुरात ताऱ्याच्या (*) खुणा आणि चौकटी कंसातल्या रिकाम्या जागा राहतात. ‘कंपनीचे नाव येथे लिहा’ असं तसंच गेलेलं पत्र मी पाहिलंय. मागच्या अर्जातलं दुसऱ्या कंपनीचं नाव राहणं हा त्याचाच भाऊ. मराठी पत्र युनिकोडमध्येच टाइप करा. कृतिदेवमधली फाइल तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडली की नुसती चिन्हं दिसतात. शेवटी पीडीएफ करा आणि ती स्वतःच्या मोबाइलवर उघडून पाहा.

फाइलचं नाव ‘न्यू डॉक्युमेंट १ फायनल फायनल’ नको. तुमचं नाव आणि पद टाका. ईमेलच्या विषयात पद आणि जाहिरातीत संदर्भ क्रमांक दिला असेल तर तो. ईमेल स्वतःच्या खात्यावरून जाऊ द्या, दुकानदाराच्या नाही. माझ्या ईमेलवर दुसऱ्यांचे मुलाखतीचे निरोप येऊन पडलेले आहेत आणि ते पोहोचवायला मी गावोगाव फोन करत बसलोय.

पाठवलेलं पत्र, जाहिरातीचा फोटो आणि तारीख एका फोल्डरमध्ये ठेवा. आठ दिवसांत काही कळलं नाही तर दोन ओळींचा ईमेल करा किंवा कार्यालयाच्या वेळेत एकदा फोन करा. पत्रावर दिलेला नंबर शेतात रेंज नसणारा असेल तर घरातल्या दुसऱ्या माणसाचाही नंबर द्या. त्याला आधी सांगून ठेवा की अमुक कंपनीचा फोन येईल, नाव लिहून घे आणि ‘तो वावरात गेला’ एवढंच सांगून ठेवून देऊ नको.